चार मतांतलं एक

पत्र

"मी मिरजेच्या एका खासगी नर्सिंग महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक आहे. चौदा वर्षं शिकवतेय. आरोग्यशिक्षकांच्या एका राज्यस्तरीय संघटनेची आजीव सभासद आहे. संघटना मूळची वैद्यकीय शिक्षकांची. तीन वर्षांपूर्वी नावातलं 'वैद्यकीय' काढून 'आरोग्यव्यवसाय' घातलं आणि नर्सिंग, फिजिओथेरपी, दंत, आयुर्वेद अशा सगळ्यांना सभासदत्व खुलं केलं. कार्यकारिणी अकरा जणांची. दहा डॉक्टर, एक दंतवैद्य.

यंदा सदस्यांच्या चार जागांची निवडणूक आहे. दोघी मैत्रिणी म्हणाल्या, तू उभी राहा. मी निवेदनही लिहून ठेवलंय, सोबत जोडलंय. पण मावळत्या कार्यकारिणीने चार नावांचं पॅनेल आधीच ठरवलंय आणि त्यात एक सर आहेत, ज्यांच्याकडे मी शिक्षणशास्त्राची पहिली कार्यशाळा केली. सचिवांचा फोन आला, 'आपल्याकडे निवडणूक बिनविरोध करायची परंपरा आहे मॅडम. पुढच्या वर्षी तुम्हाला स्वीकृत म्हणून घेऊ.' आमच्या प्राचार्या म्हणतात, नॅकचं, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचं, काम डोक्यावर असताना ही कुठली भानगड.

सरांच्या विरोधात उभं राहणं मला जमणार नाही. लोकांकडे मत मागायची तर कल्पनाच करवत नाही. आणि खरं सांगू? तिथे आमचं कोण ऐकणार. संघटनेच्या परिषदेला नर्सिंगचे आम्ही जेमतेम सात-आठ जण असतो. डॉक्टरांना तिथे हजेरी लावली की नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे त्यांच्या कौन्सिलचे गुण मिळतात, आम्हाला काही नाही. रजा स्वतःची टाकून यायचं आणि शुल्क मात्र आमच्या ट्यूटरलाही, म्हणजे कनिष्ठ शिक्षिकेलाही, प्राध्यापकाइतकंच. अर्जाची मुदत वीस तारखेला संपतेय. काय करू?"

— एक नर्सिंग शिक्षिका, मिरज

उत्तर

ताई,

आधी हिशेब करू. जागा चार, पॅनेलची नावं चार, तुमचं पाचवं. प्रत्येक मतदाराच्या हातात चार मतं. यात तुम्ही सरांच्या विरोधात कुठे आहात? अध्यक्षपदाला सर आणि तुम्ही असे दोघंच असता तर गोष्ट वेगळी. इथे तुम्ही कुणालाही 'सरांना मत देऊ नका' असं सांगत नाही. 'तुमच्या चार मतांतलं एक मला द्या' एवढंच म्हणताय. उरलेली तीन त्यांनी कुणालाही द्यावीत, त्यातलं एक सरांना तर आवर्जून द्यावं. तुम्हीही द्या.

तरीही सरांना तुमच्या अर्जाची बातमी तिसऱ्याकडून कळता कामा नये. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी फोन करा. व्हॉट्सॲपवर मजकूर नको, फोनच. 'सर, मी सदस्यपदाला अर्ज भरतेय. तुमच्याकडेच शिकले, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय.' बस. परवानगी मागू नका. परवानगी मागितली की समोरच्याला ती द्यावी किंवा नाकारावी लागते, आणि दोन्हींत तो अडकतो. बहुतेक सर म्हणतील, 'अरे वा, भरा की.' क्षणभर गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा, ती पोकळी माफीने भरू नका.

आता त्या 'बिनविरोध'चं. आपल्याकडे या शब्दाला मोठा मान आहे. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की पेपरात हार घातलेल्या माणसांचा फोटो येतो. गावात त्याला अर्थही असतो. भावकीतली भांडणं टळतात, खर्च वाचतो, निवडणुकीनंतर त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. पण तुमच्या संघटनेत कुणाची विहीर सामाईक आहे? आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या मंडळींनी स्वतःच्या परीक्षेची वेळ आली की 'परंपरा' काढावी, याची मला नेहमी गंमत वाटत आलीय. सचिवांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. बहुधा त्यांना फक्त काम कमी हवंय. मतदान झालं की निर्वाचन अधिकारी नेमा, यादी काढा, छाननी करा, निकाल लावा, हे सगळं त्यांच्याच गळ्यात येतं. मी त्या खुर्चीत बसलेय, मला ठाऊक आहे.

आणि 'स्वीकृत'? महापालिकेतला स्वीकृत नगरसेवक सभागृहात बोलू शकतो, मत देऊ शकत नाही, हे थेट संविधानात लिहिलंय. संघटनांच्या घटना वेगवेगळ्या असतात, पण बऱ्याच ठिकाणी स्वीकृत सदस्याची गत तीच. बैठकीला बोलावतात, चहा देतात, ठरावाच्या वेळी हात मोजताना तुमचा हात मोजत नाहीत. शिवाय जो आज तुम्हाला घेतो, तोच पुढच्या वर्षी तुम्हाला विसरूही शकतो. निवडून आलेल्याला तसं विसरता येत नाही.

मग उभं राहायचं का? हो, राहा. पण सुरुवात निवेदनापासून करू नका. आधी संघटनेच्या घटनेची शेवटची मंजूर प्रत मागवा, आजच, ईमेलने. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी नाव बदललं. नाव बदलणं सोपं असतं. सर्वसाधारण सभेत टाळ्या पडतात, नवा लोगो येतो. आतली कलमं मात्र जुनीच राहून जातात. 'कार्यकारिणी सदस्य' या शब्दांपुढे पात्रता म्हणून अजूनही 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' असं लिहिलेलं असेल तर तुमचा अर्ज छाननीतच उडेल, आणि त्यात कुणाची लबाडी असायचीही गरज नाही. तसं निघालं तर निर्वाचन अधिकाऱ्यांना लगेच लेखी विचारा: सभासदत्व आम्हाला दिलंत, वर्गणी घेतलीत, मग उमेदवारीचं काय? उत्तर लेखीच घ्या. त्याच प्रतीत आणखी तीन गोष्टी पाहा. किती वर्षांचं सभासदत्व लागतं. सूचक-अनुमोदक कोण होऊ शकतात आणि त्यांची वर्गणी भरलेली असावी लागते का. आणि मतदाराने चारपेक्षा कमी मतं दिली तर मतपत्रिका बाद होते का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. काही संघटनांत चार म्हणजे चारच खुणा कराव्या लागतात, आणि ते माहीत नसलेल्या तुमच्या मैत्रिणी प्रेमाने एकट्या तुम्हालाच मत देऊन ते वाया घालवतील.

नावं बदलण्याची ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १९७२ साली कोपनहेगनमध्ये 'असोसिएशन फॉर मेडिकल एज्युकेशन इन युरोप' स्थापन झाली, आपण तिला 'एमी' म्हणून ओळखतो. आज ती स्वतःला आरोग्यव्यवसाय शिक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणवते. लघुनाम तेच राहिलं, त्यातलं वैद्यकीय गेलं आणि युरोपही गेला. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा काढला. त्यातली व्याख्या तुम्ही कार्यशाळेत पाठ केलीच असेल: दोन किंवा अधिक व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं. आता दहा डॉक्टर आणि एक दंतवैद्य यांनी तुमच्याविषयी शिकायचं ठरवलं तरी तुमच्यासोबत शिकायला तुम्ही त्या टेबलाशी असायला हव्यात ना. हा मुद्दा बरोबर आहे, तरी प्रचारात तो वापरू नका. 'आमचा एकही प्रतिनिधी नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याला लगेच अपराधी वाटतं किंवा राग येतो. मत दोन्हींमुळे मिळत नाही.

मत कशामुळे मिळतं ते तुमच्याच पत्रात आहे. पण तुम्ही ते निवेदनात न लिहिता पत्राच्या शेवटी, कुरकुर म्हणून लिहिलंय.

तुमचं निवेदन मी दोनदा वाचलं. इंग्रजीत आहे, ते ठीक आहे, संघटनेचा कारभार इंग्रजीतच चालतो. दीडशे शब्दांत 'पॅशनेट' तीनदा आलंय. 'होलिस्टिक डेव्हलपमेंट' एकदा. नऊ शोधनिबंध, दोन पोस्टर पारितोषिकं, आणि शेवटी संधी मिळाल्यास संघटनेच्या प्रगतीसाठी जीव ओतून काम करण्याचं वचन. आता हेच मराठीत करून पाहा. 'पॅशनेट'चं काय करणार? 'मी शिक्षणाविषयी अत्यंत उत्कट आहे'? असं कुणी बोलतं का? मोठ्याने म्हणून बघा, तुम्हालाच हसू येईल. इंग्रजीत पोकळ वाक्यही इस्त्री केल्यासारखं दिसतं. म्हणून माझी एक सवय आहे, इंग्रजीत जायचं ते आधी मराठीत लिहायचं, शेजारणीला सांगितल्यासारखं. मग जे उरतं त्याचं इंग्रजी करायचं. सर्वांगीण विकास वगैरे चौकातल्या फ्लेक्सवाल्यांना राहू दे.

तुमची कुरकुर घेऊन मी हे लिहून पाहिलं:

*मी मिरजेत नर्सिंग शिकवते. आपल्या परिषदेला नर्सिंगचे शिक्षक सात-आठच येतात. याची दोन कारणं आहेत. परिषदेला मेडिकल कौन्सिलचे गुण असतात, नर्सिंग कौन्सिलचे सीएनईचे (निरंतर नर्सिंग शिक्षणाचे) गुण नसतात, त्यामुळे आम्हाला कामावरची रजा मिळत नाही. आणि ट्यूटरला प्राध्यापकाइतकंच शुल्क भरावं लागतं. निवडून आले तर पहिल्या वर्षात ही दोन कामं करीन. परिषदेची तारीख ठरताच नर्सिंग कौन्सिलकडे मान्यतेचा अर्ज करीन, आणि ट्यूटर व प्रात्यक्षिक शिक्षकांसाठी शुल्काचा वेगळा टप्पा कार्यकारिणीपुढे मांडीन. दुसऱ्या वर्षी एमबीबीएस, नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे शिक्षक एकत्र बसून एक ओएससीई (वेगवेगळ्या स्टेशनांवर घ्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) तयार करतील अशी कार्यशाळा घेईन. महिन्याला सहा तास देऊ शकते.*

यात नऊ शोधनिबंध कुठेच नाहीत, बघा. ते परिचयात एका ओळीत येऊ द्या. हे वाचणाऱ्या फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापकाला तुम्ही कोण हे माहीत नसलं तरी काय करणार हे कळेल. आणि त्यालाही यात काहीतरी आहे. परिषदेत चाळीस माणसं वाढली की आयोजक महाविद्यालयाचा खर्च सुटतो. परिषद अंगावर घेतलेल्या प्रत्येकाने रात्री दोन वाजता नोंदणीचा आकडा बघितलेला असतो. गुणांचं महत्त्व तर डॉक्टरांना सांगायलाच नको, पाच वर्षांत ३० गुण जमवल्याशिवाय त्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. 'तुम्हाला ज्यासाठी रजा मिळते, तेच आम्हाला हवंय' हे वाक्य त्यांना लगेच उमजतं.

ओएससीईचा उल्लेख मी मुद्दाम घातलाय. एमबीबीएसला २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिक्षकांना कार्यशाळा करणं भाग पडलं आणि अशा संघटनांना अचानक भरती आली. बीएस्सी नर्सिंगला २०२१ च्या नव्या नियमांनी सेमिस्टर आणि क्रेडिट आणली. तुम्हीही आता स्टेशनं मांडता, चेकलिस्ट लिहिता, लॉगबुकं तपासता. तेच काम शेजारच्या इमारतीत डॉक्टर करतात, आणि दोघांचीही चेकलिस्ट दरवर्षी नव्याने चुकते! ही परीक्षा १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडातल्या डंडीहून मांडली, तिला आता पन्नास वर्षं झाली. सलाइन लावण्याच्या स्टेशनला कोण उत्तम परीक्षक ठरेल, सहाव्या मजल्यावरचे प्राध्यापक की तुमची वॉर्डातली प्रात्यक्षिक शिक्षिका, हे सगळ्यांना मनातून माहीत असतं.

आता मत मागणं. तुम्हाला ते भीक मागितल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. माझ्या आईने आयुष्यात शेजारी साखर मागितली नाही, मी मत कशी मागणार. पण पहिल्यांदा फोन फिरवायला बसले तेव्हा कळलं की समोरच्याला खरं तर बरं वाटतं. आजीव सभासद होऊन दहा वर्षं झालेली असतात, आणि त्या दहा वर्षांत संघटनेकडून कुणी स्वतःहून फोन केलेला नसतो. साठ नावांची यादी करा. निम्मी तुमच्या ओळखीची, निम्मी नसलेली. वेळ दुपारी दीड ते अडीच, ओपीडी आटोपलेली असते. दोन मिनिटांत नाव, गाव, विषय, ती दोन कामं सांगा आणि म्हणा, 'तुमच्या चार मतांतलं एक मला द्याल का?' मग थांबा. 'बघू' म्हणाले तर 'आभार' म्हणा आणि ठेवा. त्याच माणसाला दुसऱ्यांदा फोन नाही. संघटनेच्या अधिकृत गटावर प्रचार टाकू नका, आणि कुणी हौशी मैत्रीण तुमचा कमळाच्या पार्श्वभूमीवरचा फोटो घालून पोस्टर बनवेल, ते प्रेमाने परत पाठवा.

फोन सुरू करण्याआधी मात्र मतदारयादी मागवा. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी फिजिओथेरपीची. पहिल्यांदा एका संघटनेच्या कार्यकारिणीला उभी राहिले आणि अकरा मतांनी पडले. मतदान ईमेलवर आलेल्या दुव्यावरून होतं. निकालानंतर आमच्याच महाविद्यालयातल्या एकीने विचारलं, 'मॅडम, मतदान कधी आहे?' चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या चौदा शिक्षकांनी एकत्र सभासदत्व घेतलं होतं, आणि कारकुनाने सगळ्यांच्या अर्जांवर महाविद्यालयाच्या कार्यालयाचा एकच ईमेल लिहिला होता. त्या पत्त्यावर एकच दुवा आला. तो कुणीतरी उघडला, 'हे काय आहे' म्हणून बंद केला. चौदातलं एकही मत पडलं नाही. मी अकरांनी पडले होते. कुणावर रागवायचं? फसवणूक झालेली नव्हती, यादी आधी वाचायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

नर्सिंग महाविद्यालयांत हे सर्रास असतं, सभासदत्वाचे अर्ज गठ्ठ्याने भरले जातात. तेव्हा यादी आली की आधी ईमेलचा रकाना बघा. एकच पत्ता कितीदा येतोय, बंद पडलेली खाती किती आहेत, भ्रमणध्वनीचा आकडा एक कमी कुठे आहे. ज्यांचा पत्ता चुकलाय त्यांना कळवा, त्यांनी स्वतः निर्वाचन अधिकाऱ्यांना लिहून दुरुस्त करून घ्यावा. तुम्ही त्यांच्या वतीने लिहू नका, ते बरं दिसत नाही. त्यांनी कुणाला मत द्यायचं हेही त्याच फोनवर बोलू नका. या एका कामातून तुम्हाला जेवढी मतं मिळतील तेवढी निवेदनातून मिळणार नाहीत, आणि पॅनेललाही ती मिळतील, मिळू द्यात.

प्राचार्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नॅकची फाइल खरीच असते. त्यांना लेखी अर्ज द्या: असं-असं पद, मानधन नाही, महिन्याला सहा तास, कामाच्या वेळेबाहेर, वर्षातून दोन प्रत्यक्ष बैठका. त्यावर 'परवानगी' असा शेरा आणि सही घेऊन प्रत जपा. तुम्ही खासगी संस्थेत आहात, तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय तेही वाचा. हे वाचणाऱ्यांत सरकारी महाविद्यालयातलं कुणी असेल तर त्यांनी जास्त जपावं. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत शास्त्रीय संस्थेच्या कामात भाग घ्यायला हरकत नाही, पण कुठल्याही संस्थेत निवडणुकीने मिळणारं पद घ्यायला पूर्वपरवानगी लागते. राज्याचे १९७९ चे स्वतंत्र नियम आहेत. आस्थापना शाखेला आधी विचारून घेतलेलं बरं. प्राचार्यांना एक सांगा, तेही खरंच आहे: राज्यस्तरीय संघटनेच्या कार्यकारिणीवर आपली शिक्षिका असणं नॅकच्या अहवालात लिहिता येतं. त्यांचा चेहरा थोडा बदलेल.

निवडून आलात तर काय वाढून ठेवलंय? सदस्याला खजिनदाराएवढा ताप नसतो. मी पुढच्या खेपेला निवडून आले ती थेट खजिनदार म्हणून, आणि मला वाटलं होतं की दुसऱ्या दिवसापासून सह्या करायच्या. कसलं काय. अशा संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. सभेची नोटीस, हजेरीपत्रक, इतिवृत्त, नव्या सगळ्यांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याचा पुरावा. एकाची सही राहिली की फाइल परत. बँक म्हणते शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, नवा उतारा आणा. सात महिने धनादेशांवर जुन्या खजिनदारांची सही चालू होती आणि ते तोवर मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. मी धनादेशाचं पुस्तक पिशवीत घालून एसटीने जायचे. त्यांच्या सौंच्या हातचं थालीपीठ उत्तम असायचं, ही त्यातली जमेची बाजू.

तुमच्या वाट्याला यातलं एवढंच येईल की पहिल्याच बैठकीत संमतीपत्रावर सही, आधार आणि पॅनची प्रत द्यायची. ती त्याच दिवशी द्या. बाकीचे दहा जण दोन महिने लावतात. प्रवासखर्च कोण देतं ते आधीच विचारा. बऱ्याच संघटना देत नाहीत. मुंबईत बैठक असली की महालक्ष्मीने रात्री निघायचं, सकाळी उतरायचं, पुन्हा रात्री तीच गाडी, असा तुमचा दिवस जाणार. वर्षातून दोनदा जमतं. चारदा म्हणाले तर ऑनलाइनचा आग्रह धरा, आणि तो पहिल्या बैठकीतच धरा, नंतर तुमची गैरसोय ही तुमची खासगी बाब ठरते.

आणि हो, पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणेल, 'मॅडम, स्वागत समिती आणि सूत्रसंचालन तुम्ही बघा ना, तुमचं बोलणं गोड आहे.' नर्सिंगच्या आणि फिजिओच्या बायकांना हे हमखास येतं. पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, कोणाच्या आधी कोणाचं नाव. एकदा घेतलंत की पुढची तीन वर्षं तुम्ही समईतल्या वातीच बघत बसाल. तेव्हा हसून सांगा, 'मी नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचं काम घेतलंय, निवेदनातच लिहिलं होतं.' लोकांनी त्याच कामासाठी मतं दिलेली असली की हे म्हणायला जड जात नाही. अर्जाला काय-काय जोडायचं, वक्त्यांचे परिचय, सत्रनिहाय वेळापत्रक, शुल्क, निरीक्षक, याची चौकशी कौन्सिलकडे आत्ताच करून ठेवा, निकालाची वाट बघू नका. पडलात तरी तो कागद नव्या सचिवांना पाठवता येईल.

सूचक म्हणून एखादे डॉक्टर घ्या आणि अनुमोदक आपल्यातली. उलटंही चालेल. दोघी मैत्रिणी घेऊ नका, नाहीतर अर्ज उघडताच 'नर्सिंगचा गट' असा शिक्का बसतो. सचिवांना परत फोन करायची गरज नाही, अर्ज पोहोचला की त्यांना कळेलच. त्यांचा पुन्हा फोन आला, तर 'माघारीची शेवटची तारीख कुठली?' एवढंच विचारा. ती तारीख उलटेपर्यंत अशा फोनांचं बळ टिकतं, नंतर तेच तुम्हाला शुभेच्छा देतील.

एक राहिलं. सभासदयादीत तुमचं नाव कुठलं आहे? सभासद होताना पदवीचे जुने कागद जोडले असाल तर कदाचित माहेरचं. अर्जावर सासरचं लिहाल, परवानगीपत्रावर महाविद्यालय तिसरंच काहीतरी लिहील, आणि छाननीला बसलेले लोक तीन वेगवेगळ्या बायका समजतील. यादीत जे आहे तेच अर्जावर लिहा, आणि कंसात दुसरं. विवाहनोंदणीच्या दाखल्याची प्रत सोबत जोडा. माझ्या पहिल्या अर्जाच्या छाननीच्या दिवशी मी तो शोधायला नवऱ्याला भर दुपारी घरी पिटाळलं होतं. तो गॅस कनेक्शनच्या फाइलमध्ये सापडला.